साखरबाई, निशाणी छत्री

माझं माहेर तेलगावकडचं, उसाच्या मुलखातलं. उसाच्या गाड्यांमागे पळून कांडी ओढायची आणि दात दुखेपर्यंत चघळायची, हेच आमचं लहानपण. अशा मुलीचं लग्न ज्या घरात झालं त्या घरात 'साखर' हा शब्द उच्चारायला सुनांना बंदी होती. कारण सासूबाईंचं नाव साखरबाई.

सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, हे मला ठाऊक होतं. आमच्या घरीही तीच रीत होती. पण माझ्या आजीला एका नदीचं नाव होतं, आणि ती नदी काही बीड जिल्ह्यातून वाहत नाही, त्यामुळे आईचं कधी काही अडलं नाही. नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात घालून घेता येतं. सासूच्या नावाला तेवढीही वाट नाही. ते नाव जन्मभर गिळूनच बसायचं.

आणि माझं सासर लिंगायत वाण्याचं. घाटनांदूरपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या गावात पुढे किराणा दुकान, मागे घर. वाण्याच्या घरात साखरेवाचून तास जात नाही. थोरल्या जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी मला स्वयंपाकघरात नेऊन डबे दाखवले. "हे पीठ, ही दाळ, हे मीठ." मग एका मोठ्या पितळी डब्यावर हात ठेवून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "आन ही ती."

"ती म्हणजे?"

"ती गं. चहात टाकतेत ती."

तर साखर आमच्या घरात 'ती' होती. चहात ती कमी पडली, तिला मुंग्या लागल्या, तिचा डबा नीट लाव. एकदा जाऊबाई आतून ओरडल्या, "अगं बाई, ती संपली की!" ओसरीवर बसलेली शेजारीण तोंडाला पदर लावून आत धावली आणि तिनं रडायला सुरुवात केली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, तेव्हा मागच्या अंगणात धडधाकट उभ्या राहून शेळीला पाला घालत होत्या. शेजारणीचं रडणं त्यांना फार आवडलं. बरेच दिवस त्या तिची आठवण काढून म्हणायच्या, "लई मायेची बाई हाय."

साखरेची जेवढी लेकुरं तेवढी सगळी सुनांना वर्ज्य. साखरपुड्याला आम्ही नुसतं 'पुडा' म्हणायचो. धाकट्या नणंदेचा साखरपुडा ठरला तेव्हा जाऊबाईंनी दुकानात आलेल्या एकाला सांगितलं, "परवा या बरं का, पुडा हाय." तो म्हणाला, "कशाचा? चहाचा का तंबाखूचा?" गाठींचे हार, खडीची, पिठीची, असं सगळं शेपूट नाही तर मुंडकं तोडून बोलायचं. चांगली बातमी आणणाऱ्याला 'तुझ्या तोंडात साखर पडो' म्हणण्याचीही सोय नव्हती. आमच्या घरात चांगली बातमी आली की सुना तोंड मिटून उभ्या राहायच्या.

हे नाव आत्याबाईंना पडलं कसं, ते त्या स्वतः दर सणाला सांगायच्या. निजामाच्या काळातली गोष्ट. गोड म्हणजे गूळ. साखर पाहुण्यांना नाही तर औषधाला. त्यांच्या बापाला चौथी मुलगी झाली. तीन मुलींनंतर चौथीही मुलगीच झाली की तिला धोंडा, दगडा, नकुसा असलं काहीतरी म्हणून टाकायची पद्धत. पण त्यांचा बाप तिरपागडा. तो घोड्यावरून बाजारात गेला, साखर घेऊन आला आणि गावभर चिमूट चिमूट वाटली. लोक म्हणाले, पोरगी झाली आन साखर कावून वाटतोस? तो म्हणाला, मग नावच साखर ठेवतो, तुमाला रोज उठून इचारायला नको. गोष्ट संपली की आत्याबाई आमच्याकडे बघायच्या. त्या नजरेत असं असायचं की बघा, असलं नाव आहे आणि ते तुम्हाला घेता येत नाही.

मी बी.ए. झालेली होते. त्या घरात तो माझा गुन्हा होता आणि टोपणनावही. आत्याबाई मला 'बीए' म्हणूनच हाक मारायच्या. "बीए, भांडी घास." "बीएनं भाकरी करपवली का?" मीही काही गरीब गाय नव्हते. डोक्यावर पदर घ्यायचा तर मी खांद्यावर घ्यायची, सासूच्या आधी जेवायचं नाही तर मी ताट वाढून बसायची, आणि दुपारी दुकानात मालाबरोबर आलेला रद्दी पेपर पाय पसरून वाचायची. साखरेवरही मीच तोड काढली. दुकानात माझ्यावर गल्ला सोपवून नवरा आत गेला की गिऱ्हाईक यायचं आणि मला म्हणावं लागायचं, "ती किती देऊ?" लोक हसायचे. मग मी 'शुगर' म्हणायला लागले. घरात प्रकरण गेलं. आत्याबाईंनी विचार करून निकाल दिला की तो सायबाचा शब्द आहे, त्यानं माझ्या नावाला बट्टा लागत नाही. त्या सुमाराला देशात परदेशी मालाला दारं उघडली होती. आमच्याही दुकानात एक-एक रुपयाच्या शाम्पूच्या पुड्यांची माळ लटकायला लागली होती. आमच्या स्वयंपाकघरात मात्र उदारीकरणानं एकच शब्द आला. जाऊबाई तो 'सुगर' असा म्हणायच्या आणि म्हणताना लाजायच्या.

मला नोकरी हवी होती. ती हवी होती म्हणजे रात्रंदिवस हवी होती. करपलेल्या भाकरीचं कारण तेच. घाटनांदूरला मुलींची शाळा होती, तिथल्या हेडमास्तरांनी जूनपासून या, असा निरोप पाठवला होता. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आईला विचार. आईला विचारलं तर ती गप्प. होय नाही आणि नाहीही नाही. मी उन्हाळा सगळा तिच्या तोंडाकडे बघत काढला.

आणि त्याच उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. बायकांना राखीव जागा हे प्रकरण गावाला नवीनच होतं. आमचा वॉर्ड बाईसाठी सुटला म्हटल्यावर गावातल्या पुढाऱ्यांना एकदम आठवलं की आपल्या घरात बायका आहेत. आमच्या घरात बैठक बसली. चहा झाला, सुपारी झाली, आणि थोरले दीर म्हणाले, "आईलाच उभं करू. दुकानामुळं घरोघर वळख हाय."

आत्याबाई आधी नको नको म्हणाल्या. तीन वेळा म्हणायचं असतं, त्या दोनच वेळा म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मला लिव्हता-वाचता येत न्हाई. कागद वाचायला मानूस लागंल. निवडून आले तर ही बीए माज्यासंगं कचेरीत येईल. मग ती शाळा-बिळा काय न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाच वर्षं. म्हणजे मी पाच वर्षं सासूची पिशवी धरून तिच्यामागे कचेरीत जायचं, तिच्या अंगठ्याला शाई लावायची, आणि तिचे कागद तिला वाचून दाखवायचे. बी.ए.चा असाही उपयोग असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून घरात एक उमेदवार होती आणि तिचा पराभव मनोमन इच्छिणारी एक सून होती, हे उघड सांगून टाकते. देवापुढे हात जोडले की माझं मागणं ठरलेलं असायचं.

फॉर्म भरले, आणि समोरच्या पार्टीनं डाव टाकला. त्यांनीही साखरबाईच उभी केली.

ही दुसरी साखरबाई गावाच्या वरच्या अंगाला राहायची. मेंढरं राखणाऱ्यांचं घर. उंच, काटक बाई, कासोट्याचं लुगडं, बोलणं रानातून हाक मारल्यासारखं. तिला निवडणुकीशी काही देणंघेणं नव्हतं. नावासाठी तिला उभी केली हे सगळ्या गावाला माहीत होतं, तिलाही. आत्याबाई मात्र फणफणल्या. "माजं नाव चोरलं रांडंनं!" पेटंट हा शब्द तेव्हा रद्दीत येणाऱ्या पेपरातही रोज असायचा. मी म्हटलं, "आत्याबाई, पेटंट घ्यायला पायजे होतं." त्यांना ते कळलं नाही, पण चेष्टा कळली.

निशाण्या वाटल्या तेव्हा आत्याबाईंना छत्री मिळाली आणि दुसरीला कपबशी. इथेच अर्धा खेळ झाला. साखर कशात घालतात हे शेंबडं पोरही सांगेल. छत्रीत कुणी साखर घालत नाही.

भोंगे लावलेल्या दोन जीपा गावातून फिरायला लागल्या. दोन्ही 'साखरबाई, साखरबाई' ओरडायच्या. ऐकणाऱ्याला एकाच बाईचा दुप्पट प्रचार चाललाय असं वाटायचं. मतपत्रिकेवर नवऱ्याचं नाव, आडनाव सगळं छापलेलं होतं, पण वाचणाऱ्या बायका वॉर्डात हातांच्या बोटांवर. म्हणजे कोणती साखरबाई कोणत्या निशाणीची, हे चुलीपाशी बसून बायकांनीच बायकांना सांगायला हवं होतं. आणि आमच्या बाजूच्या बायका म्हणजे जाऊबाई आणि मी.

नवरा म्हणाला, "आई, हे धा दिस सुनांना नाव घेऊ दे की."

"मेले तरी न्हाई."

"मग शुगरबाई म्हनू दे."

यावर दिरांनासुद्धा हसू आवरलं नाही. आत्याबाई हसल्या नाहीत. "नाव एकडाव तोंडात बसलं की जात न्हाई. उद्या मला हाका मारतील, ए साखरे, भांडी घास म्हनून." असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

आम्ही दोघी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन घरोघर निघालो. "आमच्या आत्याबाई उभ्या हायेत. छत्रीवर शिक्का मारा." बाई विचारायची, "कोन आत्याबाई?" जाऊबाई लाजून म्हणायच्या, "ह्यांच्या आई." "ह्यांच्या म्हंजे कुणाच्या?" आता नवऱ्याचंही नाव घ्यायचं नाही. मग जाऊबाई दुकानाच्या दिशेला बोट करायच्या. बाई त्या दिशेला बघायची. त्या दिशेला मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी आणि दवाखानाही होता.

दुसऱ्या साखरबाईची सून आमच्या मागोमाग त्याच घरी यायची. ती सासूच्याच सख्ख्या भावाची मुलगी. लहानपणापासून आत्याला 'साखरआत्या' म्हणत आलेली, लग्न होऊन त्याच आत्याच्या घरात आली, तर तोंडातलं नाव कसं बदलणार? सासूही काही म्हणाली नाही. ती दारातूनच ओरडायची, "माय, आमच्या साखरआत्याला कपबशी बरं का! साखर आन कपबशी, ध्यानात ठिवायला सोपं हाय!" झालं. एवढं सांगून ती पुढच्या दारात. तिच्या दहा घरांत आमचं एक व्हायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका म्हातारीनं माझा हात धरला. तिला आमच्याकडूनच रोज चहा-साखर उधार जायची. मत आम्हालाच द्यायचं हे तिनं पक्कं केलेलं होतं. म्हणाली, "पोरी, खरं सांग. साखरबाईलाच मारायचा ना शिक्का? म्हंजे कपबशी?"

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: नाही आजी, आमची साखरबाई छत्री. पाच शब्द. नाव ऐकायला तिथं सासू नव्हती, पंचायत नव्हती, फक्त जाऊबाई होत्या आणि त्या बाहेर चपला शोधत होत्या. मी खांद्यावरचा पदर उचलला, डोक्यावर घेतला, मान खाली घातली आणि लाजले. लग्नात लाजले नव्हते तेवढी लाजले.

म्हातारी म्हणाली, "बरं बरं, कळलं मला. गुणाची गं तू." आणि बोटानं हवेत कपाचा कान काढून दाखवला.

मग मला ते जमतच गेलं. कुणी विचारलं की साखरबाई म्हणजे कोणती, की माझी मान खाली. त्या दहा दिवसांत मी इतकी आदर्श सून झाले की जाऊबाई मला ओळखेनात. रस्त्यावर पदर डोक्यावर, बोलणं हळू. ज्या गल्लीत मला 'शेफारलेली बीए' म्हणायचे त्याच गल्लीत बायका आपल्या सुनांना माझं उदाहरण द्यायला लागल्या. मला आत कुठेतरी टोचत नव्हतं असं नाही. पण नियम आत्याबाईंचा होता. मी तो पाळत होते. याहून सोयीचं पाप मी पुन्हा कधी केलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी आत्याबाई स्वतः एका गल्लीत जाऊन आल्या. चेहरा उतरलेला होता. काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही. पाणी प्यायल्या, तांब्या खाली ठेवला आणि आम्हा दोघींकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "ज्याला जसं सांगायला जमंल तसं सांगा बाई आता. लोकान्ला कळल्याशी मतलब."

जाऊबाई म्हणाल्या, "तसंच सांगायलो की आमी, छत्री म्हनून."

जाऊबाईंना खरंच कळलं नव्हतं. मला कळलं होतं. त्या बाईनं परवानगी दिली होती. सगळा जन्म जपलेली गोष्ट तिनं भिंतीकडे बघून सोडून दिली होती, फक्त तोंडानं 'घ्या माझं नाव' एवढं तिला म्हणवत नव्हतं. तो पूर्ण दिवस हातात होता आणि वॉर्ड काही मोठा नव्हता. मी म्हणाले, "हो आत्याबाई," आणि भांडी घासायला गेले. कुणी न सांगता.

मतदान शाळेत झालं. मी मत छत्रीलाच दिलं. कुणी विचारलं तर शपथ घेऊन सांगता यावं म्हणून.

मोजणी तालुक्याला, अंबाजोगाईला झाली. दुपारी जीप परत आली तेव्हा तिच्यात गुलाल नव्हता. आत्याबाई नऊ मतांनी पडल्या होत्या. शिवाय वीसेक मतं बाद झाली होती, कारण बऱ्याच बायकांनी दोन्ही साखरबाया आपल्याच म्हणून दोन्ही निशाण्यांवर शिक्के मारले होते. थोरले दीर सांगत होते आणि नवरा कपाळावर हात मारून घेत होता, "एक साधं नाव बे! एक नाव सांगता आलं न्हाई आपल्याला!" वरच्या अंगानं हलगीचा आवाज येत होता.

संध्याकाळपर्यंत घरी माणसांची रीघ लागली. पडलेल्याकडे जिंकलेल्यापेक्षा जास्त लोक येतात, बघायला. एक बाई आत्याबाईंना म्हणाली, "जाऊ द्या, मेंबरकी गेली तर गेली. पन सून लाखात एक हाय तुमची. सारं गेलं पन तोंडातून नाव निघू दिलं न्हाई तिनं." सगळ्या माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. आत्याबाईही बघायला लागल्या. त्यांचं बघणं तेवढ्यात संपलं नाही. बाकीच्या बायका बोलत राहिल्या आणि त्या मलाच बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पूजा झाली. तळहातावरचं लिंग कपाळाला लावून त्यांनी गळ्यात परत ठेवलं, कपाळाला भस्म लावलं, आणि मला हाक मारली. घरात दुसरं कुणी नव्हतं. जाऊबाई माहेरी निरोप द्यायला गेल्या होत्या, पुरुष दुकानात.

"बीए, बस."

मी बसले.

"त्या म्हातारीनं तुला इचारलं व्हतं. कपबशी का म्हनून. तिनं काल मला सांगितलं. रडत व्हती. तू कावून न्हाई सांगितलंस?"

मी तयार होते. दहा दिवस याच प्रश्नाचं उत्तर घोकून ठेवलं होतं. मान खाली घालून म्हणाले, "तुमचं नाव कसं घेणार आत्याबाई? तुमीच तर नको म्हनला होतात."

 मग अजिबात न चिडता, खरोखरच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "पदर घे म्हनलं, घेतला न्हाईस. आधी जेवू नको म्हनलं, जेवलीस. दुकानात बसू नको म्हनलं, बसलीस. चार वर्सांत माजं एक तरी ऐकलंस का गं? मग हेच कावून ऐकलंस?"

मी बी.ए. झालेली. पाठ केलेलं सगळं क्षणात विसरले. मला रडू आलं. त्याची मला तेव्हाही लाज वाटली, आजही वाटते. कारण ते रडू पश्चात्तापाचं कमी आणि पकडली गेल्याचं जास्त होतं.

आत्याबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. दाराशी जाऊन पाठमोऱ्याच थांबल्या.

"जूनपासून जा शाळंत," त्या म्हणाल्या. "शिकव पोरींना. खालमानेनं सासू कशी पाडायची ते."